प्राण्यांची हस्तनिर्मित शुभेच्छापत्रे : छंदाचा छोटा व्यवसाय करावा का?

रंगरेषा (मुलुंड)

नमस्कार मंडळी,

गेली काही वर्षे मी घरच्यांसाठी आणि मैत्रिणींसाठी जलरंगात शुभेच्छापत्रे रंगवत आले आहे. त्यांपैकी बहुतेकांवर प्राणीच असतात : खिडकीच्या गजांतून बाहेर पाहणारे मांजर, छत्रीखालचा बेडूक, बर्फावर मफलर गुंडाळून उभा असलेला पेंग्विन, फुगा धरलेले हत्तीचे पिल्लू. यंदा सोसायटीतील काही घरांनी आणि यजमानांच्या कचेरीतील मंडळींनी पैसे देऊन कार्डे मागवली, आणि तेव्हापासून हा विचार डोक्यात घोळतो आहे. भांडवल फारसे घालायचे नाही. घरातली एक खोली आणि दुपारचे तीन-चार तास एवढेच हाताशी आहे.

मला मुख्यतः तीन गोष्टींवर मते हवी आहेत. चित्रे गोड दिसावीत म्हणून मी प्राण्यांचे डोळे मोठे आणि डोके गोल काढते. लोकांना ते आवडते, परंतु बाजारातील छापील कार्डांवरही तेच असते, मग माझ्या कार्डाला कोणी चार पैसे जास्त का द्यावेत? दुसरे असे की, प्रत्येक कार्ड हातानेच रंगवण्याचा हट्ट धरावा, की मूळ चित्राच्या प्रती छापून त्यांवर थोडे हातकाम करावे? आणि तिसरी गोष्ट किमतीची. ओळखीच्या माणसाला आकडा सांगताना माझी जीभ अडखळते आणि शेवटी मी कागदाचे पैसे तेवढे घेऊन मोकळी होते. पावसाळ्यात कागद कसा सांभाळावा, हेही कोणी सांगितले तर उपकार होतील.

निसर्गवाट (बोरिवली)

पहिल्या प्रश्नावर लिहितो, कारण उरलेल्या दोन्ही प्रश्नांतले मला काही कळत नाही.

मोठे डोळे, उंच कपाळ, गोल गाल, आखूड हातपाय आणि शरीराच्या मानाने मोठे डोके दिसले की माणसाला माया वाटते, हे कोनराड लॉरेन्झ या ऑस्ट्रियन प्राणिवर्तनशास्त्रज्ञाने १९४३ साली मांडले. त्यांना पुढे १९७३ साली नोबेल पारितोषिकही मिळाले. तान्ह्या मुलाच्या चेहऱ्याची ही ठेवण मांजराच्या किंवा पेंग्विनच्या पिल्लात दिसली तरी आपले मन तसेच वळते. तुम्ही जे करता ते म्हणूनच चालते, आणि नेमके म्हणूनच ते प्रत्येक छापखानाही करतो. त्या वाटेने गेलात तर तुमचे हत्तीचे पिल्लू, अस्वलाचे पिल्लू आणि सशाचे पिल्लू यांच्यात कानांपलीकडे फरक उरणार नाही.

माझे मत असे आहे की गोडवा राखावा, पण प्राणी खरा पाहावा. पेंग्विनचेच उदाहरण घेऊ. मुंबईच्या मुलाने प्रत्यक्ष पाहिलेला पेंग्विन भायखळ्याच्या राणीच्या बागेतला असतो. तो हम्बोल्ट जातीचा आहे. २०१६ साली ते पक्षी दक्षिण कोरियातील सोलहून आणले गेले आणि २०१७ च्या मार्चपासून लोकांना पाहायला मिळू लागले. ही जात पेरू आणि चिली या देशांच्या किनाऱ्यांवर राहते, खडकांच्या कपारीत किंवा बिळात अंडी घालते आणि तिचा बर्फाशी संबंध नसतो. छातीवर घोड्याच्या नालासारखा एकच काळा पट्टा आणि चोचीच्या मुळाशी गुलाबी कातडी, ही तिची खूण. तुमचा मफलरवाला पेंग्विन बहुधा कानाशी पिवळा डाग असलेला एम्परर असावा. तो अंटार्क्टिकातच ठीक आहे. खडकावर उभा राहून गुलाबी चोचमूळ मिरवणारा हम्बोल्ट मुंबईकर मुलाला अधिक आपला वाटेल आणि तो दुसऱ्या कोणत्याही कार्डावर सापडणार नाही.

अशीच गोष्ट रोहित पक्ष्यांची, म्हणजे फ्लेमिंगोंची. छापील कार्डांवर ते नारळाच्या झाडाखाली असतात. आपल्याकडे हिवाळ्यापासून मे महिन्यापर्यंत ते शिवडीच्या आणि ठाणे खाडीच्या चिखलात उतरतात, मागे तेलशुद्धीकरण कारखान्याच्या चिमण्या असतात, आणि हे पक्षी मान उलटी करून चोच चिखलात बुडवून खातात. ठाणे खाडीचा हा भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ पासून पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत आहे. मान उलटी केलेला गुलाबी पक्षी आणि शेजारी करड्या रंगाचे त्याचे तरुण पोर, कारण या पक्ष्यांची पिल्ले गुलाबी नसतात, हे चित्र बारशाच्या किंवा पहिल्या वाढदिवसाच्या कार्डावर किती छान दिसेल! पिंगळा घ्या, शेकरू घ्या. शेकरू तर आपला राज्यप्राणी आहे. पिंगळ्याला डोळे मोठे करून देण्याची गरजच नाही, ते त्याला आधीच मिळालेले आहेत.

पार्लेकरीण

निसर्गवाट यांचे म्हणणे वाचायला सुरेख आहे, परंतु मी स्वतः कापडी पिशव्या आणि कार्डे विकते म्हणून दुसरी बाजूही सांगते. प्रदर्शनात माणूस टेबलाशी थांबतो तेव्हा तो पेंग्विनच्या छातीवरचे पट्टे मोजत नाही. 'हे आपल्या अमक्याला द्यावे' असे त्याच्या मनात येते का, एवढेच त्या क्षणी ठरते. पिंगळ्याचे चित्र कितीही देखणे असले तरी बारशाच्या कार्डावर घुबडाचा नातेवाईक आजीला चालत नाही, हे मी अनुभवाने सांगते. लक्ष्मीचे वाहन असूनही चालत नाही.

मात्र प्राणी आपल्याकडचा असावा, हे मला पूर्ण पटते, आणि त्यासाठी जंगलात जायची गरज नाही, कारण आपले पंचांगच प्राण्यांनी भरलेले आहे. दिवाळीची सुरुवात वसुबारसेला गाय-वासरापासून होते. फ्लॅटमध्ये राहणाऱ्या माणसाला त्या संध्याकाळी पूजेला गाय कुठून मिळणार? तो चित्राची किंवा छोट्या मूर्तीची पूजा करतो. उभे राहू शकेल असे गाय-वासराचे कार्ड मी एका वर्षी ठेवले, तर लोकांनी ते पाठवण्याऐवजी स्वतःच्या देव्हाऱ्याशी ठेवायला नेले. गणपतीचा उंदीर आहे, नागपंचमी आहे, पोळ्याचे बैल आहेत. मुंबईत पोळा फारसा दिसत नाही, पण ज्यांचे गाव विदर्भात किंवा घाटावर आहे ते त्यासाठी हमखास थांबतात. चिऊताई तर प्रत्येक मराठी मुलाची पहिली ओळखीची पाहुणी आहे. २० मार्चला जागतिक चिमणी दिन असतो, त्या सुमारास शाळांकडूनही मागणी येते.

संक्रांत विसरू नका. तिळगुळाचे कार्ड पाठवण्याची आपली चाल अजून टिकून आहे आणि दिवाळीत छापील कार्डांची जी गर्दी असते ती त्या वेळी नसते.

निसर्गवाट (बोरिवली)

आजीच्या बाबतीत हार मानतो. पट्टे मात्र मोठी माणसे मोजत नसली तरी सात-आठ वर्षांची मुले मोजतात.

वसुबारसेच्या कार्डासाठी एक सूचना करतो. काळे-पांढरे ठिपके असलेली आणि पाठ सपाट असलेली गाय ही परदेशी होल्स्टीन असते. संगणकावरील तयार चित्रांत तीच सापडते. आपल्या गाईला वशिंड असते आणि गळ्याखाली कातडी लोंबते. खिल्लार पांढरी असते आणि तिची शिंगे लांब, मागे वळलेली असतात. ठिपके हवेच असतील तर डांगी काढा. अकोले-इगतपुरीकडच्या भरपूर पावसाच्या डोंगराळ भागातली ही जात पांढऱ्यावर काळे डाग घेऊनच जन्माला येते. वासराला वशिंड जेमतेम दिसते, कान मोठे असतात आणि पाय बेढब लांब असतात, त्यामुळे लॉरेन्झसाहेबांचे नियमही आपोआप सांभाळले जातात.

घडीकागद

मी अनेक वर्षे छपाईच्या धंद्यात काढली आहेत, तेव्हा कागदावर थोडे विस्ताराने लिहितो.

कार्डासाठी २५० ते ३०० जीएसएमचा (म्हणजे एका चौरस मीटरला तितके ग्रॅम वजनाचा) कागद घ्यावा. त्याहून पातळ कागदाचे कार्ड मुंबईच्या दमट हवेत टेबलावर उभे ठेवले की संध्याकाळपर्यंत मान टाकते. कागद घेण्यापूर्वी पाकीट घ्यावे, हा नियम मी प्रत्येक नवशिक्याला सांगतो. ए-५ आकाराचा कागद मधोमध दुमडला की ए-६ आकाराचे, म्हणजे १०५ गुणिले १४८ मिलिमीटरचे कार्ड होते आणि ते ११४ गुणिले १६२ मिलिमीटरच्या सी-६ पाकिटात व्यवस्थित बसते. हौसेने चौकोनी किंवा लांबट कार्ड कापले की पाकिटे शिवून घेण्याची वेळ येते आणि त्यात कार्डापेक्षा जास्त खर्च होतो. पाकिटे आणि कागद यांसाठी क्रॉफर्ड मार्केटजवळील अब्दुल रहमान स्ट्रीट आणि लग्नपत्रिकांच्या सामानाची चिमणा बुचर स्ट्रीट पालथी घालावी. शंभराच्या गठ्ठ्याने घेतले तर भावात मोठा फरक पडतो. फक्त एका वेळी वर्षभराचा साठा करू नये, कारण पुढच्या खेपेला नेमकी तीच छटा मिळत नाही आणि पावसाळाही मध्ये येतो.

हातकागद वापरायचा असेल तर त्याचा स्वभाव समजून घ्यावा लागतो. तो झाडाच्या लगद्यापासून होत नाही. सुती कापडाच्या चिंध्या आणि होजियरीच्या कारखान्यांतील कात्रणे कुटून तो करतात. पुण्याला शिवाजीनगरात १९४० पासून हातकागदाची संस्था आहे आणि राजस्थानात जयपूरजवळचे सांगानेर हे त्याचे मोठे केंद्र आहे. त्याच्या फाटलेल्यासारख्या कडा सुंदर दिसतात. मी तर म्हणेन की कार्डाला त्या कडांइतकी दुसरी सजावट लागत नाही. पण सर्व हातकागद जलरंगासाठी खळ देऊन तयार केलेला नसतो. कमी खळीच्या कागदावर रंग टिपकागदासारखा पसरतो आणि मांजराच्या मिशा जाड दोऱ्या होतात. दुकानातच एका कोपऱ्याला ओला ब्रश टेकवून पाहू द्या असे सांगावे. जो दुकानदार नाही म्हणेल त्याच्याकडून घेऊ नये.

घडीबद्दल. यंत्रावर झालेल्या कागदात तंतू एका दिशेने निजलेले असतात. त्या दिशेला समांतर घडी घातली तर ती स्वच्छ येते, आडवी घातली तर कडेला कागद तडकतो आणि रंगवलेला भाग असेल तर पांढरी रेघ दिसते. कोणत्या दिशेने कागद सहज वाकतो, ते हाताने दाबून लगेच कळते. २०० जीएसएमच्या वरच्या कागदाला घडीपूर्वी क्रीझिंग, म्हणजे घडीच्या जागी दाबून खाच, केलेच पाहिजे. यंत्र नसेल तर पट्टी आणि बोथट टोकाचे हत्यार पुरते. रिकामे बॉलपेनही चालते.

आता छपाई. लेझर प्रिंटरची शाई कागदाच्या वर बसते, आत शिरत नाही. खरबरीत हातकागदावरून ती निघून येते आणि घडीवर फुटते. मूळ जलरंगाच्या जवळ जाणारी प्रत हवी असेल तर पिगमेंट शाईच्या इंकजेटवर, मॅट कागदावर काढून घ्यावी. चित्र स्कॅन करून घ्यावे, मोबाइलवर फोटो काढून देऊ नये, कारण कागदाचा पांढरेपणा फोटोत करडा येतो आणि छापल्यावर आख्खे कार्ड मळकट दिसते.

पावसाळ्यासाठी शेवटचे. जून ते सप्टेंबर रंगवलेले कार्ड वाळले असे हाताला वाटते तेव्हा ते आतून ओलेच असते. तसेच ते प्लॅस्टिकच्या पारदर्शक पाकिटात बंद केले की काही आठवड्यांत पिवळे ठिपके आणि बुरशी. रात्रभर पंख्याखाली उघडे ठेवावे, मग घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावे. निळे मणी गुलाबी झाले की पुडी बदलावी. डबा भिंतीला टेकवून ठेवू नये. आणि लाकडी कपाटात ठेवलेत तर कसर लागेल. पिठाच्या खळीचा गोंद वापरला असेल तर आधी तिथेच लागेल.

जुना गिरगावकर

वरील सर्व माहिती बहुमोल आहे, परंतु मूळ दुसऱ्या प्रश्नाला कोणी हात घातलेला नाही. माझे मत थोडे कडक आहे. छापलेल्या प्रतीवर सोनेरी पेनाने दोन ठिपके देऊन 'हस्तनिर्मित' म्हणणे ही ग्राहकाची फसवणूक आहे. हस्तनिर्मित म्हणायचे तर चित्र हाताने काढलेले हवे. नाहीतर 'मूळ चित्रावरून छापलेले' असे पाठीमागे स्वच्छ लिहावे.

घडीकागद

गिरगावकर, तुमच्या प्रामाणिकपणाशी सहमत आहे, पण तुम्ही आखलेल्या रेषेशी नाही. बाजारासाठी केलेले पहिले नाताळचे कार्ड म्हणून जे ओळखले जाते ते १८४३ साली लंडनमध्ये हेन्री कोल यांनी हॉर्सली या चित्रकाराकडून करून घेतले होते. ते शिळाछापावर छापलेले होते आणि रंग हाताने भरलेले होते. म्हणजे रेषा छापील आणि रंग हाताचा, ही पद्धत या व्यवसायाच्या जन्मापासूनची आहे. आपल्याकडेही राजा रविवर्म्यांनी मुंबईत १८९४ साली छापखाना काढला तेव्हा घरोघरी गेलेल्या त्या छापील लक्ष्मी-सरस्वतींवर बायकांनी जर, टिकल्या आणि कापड चिकटवून त्यांना नटवले. गिरगावातल्या जुन्या घरांत अशा तसबिरी तुम्हीच पाहिल्या असतील. त्यांत हाताचे काम नव्हते असे कोण म्हणेल?

जुना गिरगावकर

पाहिल्या आहेत. आमच्याच घरी होती, खऱ्या जरीच्या पदराची. पण ती कोणी 'हाताने काढलेली' म्हणून विकत नव्हते. रेषा छापील आणि रंग हाताचा, तर तसे सांगावे. तेवढ्यावर माझे समाधान आहे. रंगरेषाताईंनी दोन्ही प्रकार ठेवावेत आणि प्रत्येकाच्या मागे एका ओळीत सांगावे की यात काय छापलेले आहे आणि काय हाताचे आहे.

जाता जाता सांगतो. शुभेच्छापत्रांच्या जोरावर मुंबईत मोठी कामे उभी राहिली आहेत. 'क्राय' ही मुलांसाठी काम करणारी संस्था रिप्पन कपूर आणि त्यांच्या मित्रांनी १९७९ साली पन्नास रुपयांच्या भांडवलावर सुरू केली आणि पुढे त्यांची कार्डे शहरभर ओळखीची झाली. तुम्ही प्राण्यांची कार्डे विकणार असाल, तर वर्षातून एखाद्या चित्राचे उत्पन्न परळच्या बैलघोडा हॉस्पिटलला किंवा तुमच्या भागातील भटक्या प्राण्यांची काळजी घेणाऱ्यांना देण्याचा विचार करावा. मात्र कार्डावर तसे छापलेत तर किती दिले याची पावती लोकांना दाखवता आली पाहिजे.

हिशेबनीस

किमतीबद्दल. एक नमुना मांडतो. आकडे समजुतीचे आहेत, आपापले घालून पाहावेत.

समजा कागद, पाकीट आणि रंग मिळून १५ रुपये लागतात. चित्राला ४० मिनिटे जातात आणि तुम्ही स्वतःच्या तासाची मजुरी १५० रुपये धरलीत, तर मजुरी १०० रुपये झाली. वेष्टन आणि ने-आण १० रुपये. एकूण १२५. दहा कार्डांतले एक बिघडते असे धरले तर त्याचा भार उरलेल्या नऊंवर येतो आणि प्रत्येकाचा खर्च सुमारे १३९ रुपये होतो. दुकानात ठेवायला दिले आणि दुकानदाराने विक्रीच्या ३५ टक्के घेतले, तर २१४ रुपयांच्या खाली विकणे म्हणजे स्वतःच्या मजुरीतून दुकानदाराला पैसे देणे होय. आणि यात नफा अजून धरलेलाच नाही. आता तेच चित्र छापून घेतले, छपाई आणि कागद १२, पाकीट ४, आठ मिनिटांचे हातकाम २० आणि वेष्टन १० असे ४६ रुपये धरले, तर दुकानात ते ७१ रुपयांना परवडते. म्हणून पूर्ण हाताने रंगवलेले कार्ड दुकानात ठेवूच नये, ते थेट मागणीवरच द्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. ओळखीच्यांना सवलत द्यायची असेल तर आधी पूर्ण किंमत लिहावी आणि मग सवलत वजा करून दाखवावी. किंमतच कमी सांगितली की ती पुढच्या वर्षी वाढवता येत नाही.

सरकारी बाबी थोडक्यात. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगाची सरकारी नोंदणी, विनामूल्य आहे आणि आधार क्रमांकावर घरबसल्या होते. पैसे मागणाऱ्या दलालाकडे जाऊ नका. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात केवळ माल विकणाऱ्याला वर्षाच्या ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटीची नोंदणी सक्तीची नाही. मोठ्या विक्री-संकेतस्थळांवरून विकण्यासाठी पूर्वी ती लागत असे. १ ऑक्टोबर २०२३ पासून लहान विक्रेत्याला राज्यांतर्गत विक्रीपुरता केवळ नावनोंदणी (एनरोलमेंट) क्रमांक घेऊन विकता येते. परराज्यात माल पाठवायचा असेल तर नियम वेगळे आहेत आणि हस्तकलेच्या ठरावीक वस्तूंना त्यात सवलत आहे. आपले कार्ड त्या यादीत बसते का, हे सनदी लेखापालाला एकदा विचारून घ्यावे.

टपालवेडा

वीस ग्रॅमपर्यंतच्या साध्या पत्राला पाच रुपयांचे तिकीट लागते, त्यापुढे दर वाढतो. घडीकागद यांनी दिलेल्या मापाचा हिशेब केला, तर ३०० जीएसएमच्या ए-५ कागदाचे वजन साडेनऊ ग्रॅमच्या आत येते आणि साध्या पाकिटाचे चार ते पाच ग्रॅम. म्हणजे पाच-सहा ग्रॅमची मोकळीक आहे. सशाला लोकरीची शेपटी लावायची की नाही, हे त्या पाच ग्रॅमवर ठरवावे.

संक्रांतीच्या कार्डावर हलव्याची पुडी चिकटवण्याची हौस अनेकांना असते. तिकिटावर शिक्का मारताना पाकिटावर दणका बसतो आणि घरी पोहोचते ती साखरेची भुकटी. पुडी लावायचीच असेल तर ती तिकिटाच्या विरुद्ध खालच्या कोपऱ्यात, पातळ पुठ्ठ्याच्या चौकटीत बसवावी. साध्या टपालाचा मागोवा घेता येत नाही, त्यामुळे पैसे घेऊन दिलेली मागणी स्पीड पोस्टने पाठवावी. रजिस्टर्ड पोस्ट ही वेगळी सेवा २०२५ मध्ये स्पीड पोस्टमध्ये विलीन झाली आहे, हे जुन्या सवयीच्या लोकांनी लक्षात घ्यावे. आणि साध्या टपालावर यंत्राच्या चिठ्ठीऐवजी प्राण्या-पक्ष्यांची तिकिटे चिकटवा; मुंबई जीपीओच्या फिलाटेली (तिकीटसंग्रह) विभागात ती मिळतात. पेंग्विनच्या कार्डावर पक्ष्याचे तिकीट असले की घेणारा पाकीटही जपून ठेवतो.

रंगरेषा (मुलुंड)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. एवढे मिळेल असे वाटले नव्हते. आणखी दोन शंका आहेत. काही जण स्वतःच्या मांजराचा किंवा कुत्र्याचा फोटो पाठवून त्याचे कार्ड मागतात; ते घ्यावे का? आणि इंटरनेटवरील फोटो समोर ठेवून चित्र काढले तर चालते का? मला मुंगसाचे चित्र करायचे आहे, कारण आमच्या सोसायटीच्या मागच्या भिंतीवर एक जोडी नेमाने येते, पण ती क्षणभरही थांबत नाही.

हिशेबनीस

छायाचित्राचा स्वामित्वहक्क सामान्यतः ते काढणाऱ्याचा असतो. त्याची मांडणी, प्रकाश आणि पवित्रा जसाच्या तसा उतरवून विकणे १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यात अडचणीचे ठरते. अनेक फोटो पाहून प्राण्याची ठेवण शिकावी आणि चित्र स्वतःचे रचावे. तुमच्या चित्रालाही काढल्या क्षणापासून हेच संरक्षण आहे, नोंदणी सक्तीची नाही. शुभेच्छापत्राची डिझाइन कायद्याखाली नोंदणी होत नाही, त्यामुळे 'डिझाइन रजिस्टर करून देतो' असे सांगणाऱ्यांना पैसे देऊ नयेत. मूळ रेखाटने तारीख घालून जपून ठेवावीत.

निसर्गवाट (बोरिवली)

मुंगूस जरूर करा, परंतु तुमचा ब्रश आधी तपासा. आपल्याकडे बारीक कामाचे अनेक चांगले ब्रश वर्षानुवर्षे मुंगसाच्या केसांचे होत आले. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ अन्वये मुंगूस संरक्षित आहे आणि त्याच्या केसांचा व्यापार बेकायदा आहे, तरी असे ब्रश अधूनमधून बाजारात सापडतात आणि जप्तही होतात. मुळाशी काळपट-तपकिरी, मध्ये फिका आणि टोकाला पुन्हा गडद असा पट्ट्यापट्ट्यांचा ताठ केस दिसला की शंका घ्यावी. 'कॅमल हेअर' नावाच्या ब्रशात उंटाचा केस नसतो, तो बहुधा खारीचा किंवा तट्टाचा असतो. कृत्रिम तंतूंचे ब्रश आता जलरंगासाठी उत्तम मिळतात. प्राण्यांच्या कार्डांचा व्यवसाय करणाऱ्याने तेच वापरावेत आणि तसे कार्डामागे लिहावे. हे वाक्य तुमच्या गिऱ्हाइकाला हस्तनिर्मित या शब्दाइतकेच महत्त्वाचे वाटेल.

पार्लेकरीण

पाळीव प्राण्यांच्या मागण्या जरूर घ्या, कारण छापील बाजार तिथे पोहोचूच शकत नाही. मात्र एका फोटोवर काम घेऊ नका. समोरून, बाजूने आणि बसलेला असे तीन तरी फोटो मागा, आणि त्याच्या सवयी विचारा. एका कानाला चीर आहे, शेपटीचे टोक वाकडे आहे, पाणी प्यायला नळाखालीच जातो, असे काही ना काही निघते. चित्रात ते आले की मालक दरावर घासाघीस करत नाही. तीन रंगांचे मांजर असेल तर ती बहुतेक नेहमी मादीच असते, तेव्हा फोटोबरोबर 'आमचा बोका' असे लिहून आले तर एकदा विचारून घ्या. निम्मे पैसे आगाऊ घ्या, आणि पेन्सिलचे रेखाटन पसंत झाल्यावरच रंग लावा.

पाळीव प्राणी गेल्यानंतर पाठवायचे कार्ड, हा प्रकार मी मुद्दाम सांगते. घरातला कुत्रा चौदा वर्षांनी गेला तर शेजाऱ्याने काय म्हणावे, यासाठी मराठीत तयार कार्ड मिळत नाही. 'सहवेदना' लिहिलेले पांढरे कार्ड देणे अवघड वाटते आणि काहीच न देणेही बरे दिसत नाही. रिकामी गादी किंवा दारामागे टांगलेला पट्टा असे चित्र नको. तो प्राणी जसा होता तसा, खोडकर, उन्हात पसरलेला असा असावा, आणि आत मजकूर कोरा ठेवावा. माझ्याकडे अशा कार्डांची मागणी हळूहळू पण नेमाने येते आणि ती सणावर अवलंबून नसते.

जुना गिरगावकर

आत मजकूर कोरा ठेवण्याची सूचना इतर कार्डांनाही लागू करावी. छापील कवितांचा मला मनस्वी कंटाळा आहे.

रंगरेषा (मुलुंड)

आता बऱ्याच गोष्टी स्पष्ट झाल्या. पूर्ण हाताने रंगवलेली कार्डे फक्त मागणीवर आणि पाळीव प्राण्यांचीच करीन. बाकीच्यांसाठी रेषा छापून घेऊन रंग हाताने भरीन आणि मागे तसे लिहीन. वसुबारसेसाठी डांगी गाय आणि वासरू, मुलांसाठी खडकावरचा हम्बोल्ट, संक्रांतीसाठी उलट्या मानेचा रोहित, कारण तो त्याच दिवसांत येतो, आणि कोऱ्या कार्डांसाठी भिंतीवरची मुंगसाची जोडी, अशा चार चित्रांनी सुरुवात करते. ब्रशांची पेटी आजच काढून पाहिली. त्यातल्या दोन ब्रशांबद्दल शंका आहे, ते बाजूला ठेवले आहेत. वसुबारसेची कार्डे कधीपर्यंत तयार असावीत, एवढे सांगा.

टपालवेडा

परगावी जाणारी कार्डे दसऱ्याच्या आठवड्यात पेटीत पडली पाहिजेत. दिवाळी तोंडावर आली की टपालाच्या थैल्या फराळाच्या पार्सलांनी भरतात.

पार्लेकरीण

म्हणजे रेषांची छपाई गणपतीपूर्वी करून घ्या, कारण त्यानंतर छापखाने दिवाळीच्या कामांत गुंततात. पाऊस चालू असेल, तेव्हा रंग भरण्याचे काम नवरात्रापर्यंत पुढे ढकललेत तरी चालेल. दिवाळीपूर्वी दादरला वनिता समाजाच्या सभागृहात जी प्रदर्शने भरतात, त्यांपैकी एकात मी टेबल घेण्याच्या विचारात आहे. अर्धे टेबल तुम्ही घ्या, भाडे निम्मे-निम्मे. कार्डे आडवी पसरून ठेवू नका, उभी राहतील अशी लाकडी पट्टी मी आणते. गाय-वासराचे नमुने तेवढे आधी दाखवायला आणा.